पहिला आहेर वस्तीला

२ एप्रिल १९६८, मंगळवार

अजून तोंडसुद्धा धुतलं नव्हतं, तर दारात केरबा. "कृष्णा, दोन बगुणी आन मोठी परात पायजे. विजयाला बघायला पावनं यायचं हाईत."

म्हटलं, घ्या.

"घ्या कसं? काढून दे. आक्का काढून द्यायच्या."

दिली काढून. तर हा बगुणं उलटं-सुलटं करत उभा. "आतली कल्हई उडालीया ह्याची. आमटी कळकंल की. आक्का आदीच सांगायच्या, ह्यात आंबट करू नगा म्हनून."

आक्का द्यायच्या. आक्का सांगायच्या. बारा दिवस हेच ऐकतोय. कान किटले.

आजीला, म्हणजे वस्तीच्या आक्काला, जाऊन आज चौदा दिवस. मी तेव्हा फलटणला, कारखान्याच्या नाक्यावर. एका बैलगाडीवाल्यानं सांगितलं, तेही ऊस उतरता उतरता. बोरपेठेला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. भीमनगरानंच, आमच्या वस्तीनंच उरकलं. घरात आता मी एकटा आणि मागच्या खोलीत तिची भांडी. तिची कसली, वस्तीची. हंडे, सतेली, बगुणी, पराती, झारे, वगराळी. लग्न असो, बारसं असो, मयत असो — एकोणीस घरांनी इथून न्यायची आणि इथंच आणून द्यायची. आजीनं ती सांभाळली. किती वर्षं, ते कुणालाच नक्की माहीत नाही.

हंबीरराव ड्रायव्हरचा निरोप आहे. पंधराला सांगलीतून माल भरून बंगलोरला निघणार, मला क्लीनर म्हणून घेतो. "न्हाई आलास तर दुसरा उभाच हाय." तीन वर्षं मी त्याच्या मागं लागलोय! बंगलोर, तिथून मद्रास. समुद्र बघायचाय मला. कोयनेच्या धरणाचं पाणी बघितलं तेव्हा वाटलं होतं की समुद्र असाच असणार. सगळे हसले.

त्यात नाथाजी मास्तरांनी काम लावलंय. चौदाला जयंतीच्या सभेत वाचायला आजीच्या आयुष्यावर एक पान लिही. म्हणे, "तू नातू आहेस, आणि तुझं अक्षर बरं आहे." ह्याच अक्षराला त्यांनी आठवीत नापास केलं होतं.

म्हणजे कामं दोन. पान लिहायचं आणि भांडी कुणाच्या तरी घरात नेऊन टाकायची. मग मी सुटलो.

३ एप्रिल, बुधवार

'येसूबाईंचा जन्म' एवढं लिहिलं आणि पेन्सिल थांबली. कधी? कुठं?

पारूबाईकडं गेलो. आमची भिंतीला भिंत. ही आजीशी पन्नास वर्षं भांडली आणि पन्नास वर्षं आजीच्याच चुलीवरचा चहा प्यायली. मिश्री लावत बसली होती.

"पयल्या पलेगात ती शेरडं राखायची म्हनं."

"म्हणजे किती वर्षांची?"

"शेरडं राखायची तेवढी."

"मावशे, लिहायचंय मला."

"मग लिही की, म्हातारी हुती. खोटं हाय व्हय?"

प्लेग सत्त्याण्णवचा, मास्तरांनी सांगितलं. आठ धरले तर आज अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी. धरले.

मग भांड्यांचं विचारलं. तेव्हा मात्र म्हातारीनं मिश्रीचं बोट तोंडातून काढलं.

"माझ्या लग्नापास्नं हाय ते. गावाची भांडी देवळाच्या खोलीत असायची. आपल्याला कोन देनार? माझ्या लग्नात भात शिजिवला राकेलच्या डब्यात. तीनदा राखंनं घासला डबा, तरी वास जाईना. पावनी मानसं पत्रावळीवरनं उठली. माझा दीर म्हनला, नवरी पेटती का काय बघा. जनमभर तेच ऐकलं मी."

आजी तेव्हा वस्तीतली तरणी सून. दुसऱ्या दिवशी एकटीच देवळाच्या खोलीपाशी गेली आणि भांडी मागितली. पुढच्या लग्नाला द्या म्हणाली. तिथला माणूस म्हणाला, "तुमाला दिली तर मागनं आमी कशात शिजवायचं?"

आजी परत आली. पण वस्तीत पुढचं लग्न निघालं तेव्हा मांडवाच्या तोंडाशी उभी राहिली. "आहेर नवरा-नवरीला मागनं. पयला आहेर वस्तीला." नवऱ्याच्या मामाला एक पितळेची परात वस्तीच्या नावानं ठेवायला लावली. पारूबाई म्हणते, "मामा लय तडकला. पर ठिवली." तेव्हापासून प्रत्येक लग्नात एक भांडं. कुणाचंही नाव घालायचं नाही, हा नियम. नाव घातलं की मालक होतो, असं आजी म्हणायची.

नाव नाही तर ओळखायचं कसं? आजी हाताला ओळखायची. हे अमक्याच्या लग्नाचं, हे तमकीच्या. मला सगळी सारखीच दिसतात. काळी.

परत येताना बाजारात डोंबारी उतरले होते. दोरीवर एक पोरगी थाळीत पाय ठेवून चालत होती. बघत उभा राहिलो. दोन तास गेले. पान तसंच.

४ एप्रिल, गुरुवार

चार ओळी लिहिल्या. 'थोर', 'त्यागी', 'माउली' असले शब्द आले. फाडल्या.

५ एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बैठक घ्यायला लावली मी. विषय एकच, भांडी कुणाकडं?

आधी तात्याबाचं भाषण. हा पलटणीतला हवालदार, बर्मा बघून आलेला. अजून खाकी पँट इस्त्रीची. वस्तीत त्याचा शब्द चालतो. "आक्का म्हंजे आपली क्वार्टरमास्टर हुती. येक झारा मिसिंग न्हाई. डिसिप्लिन! बावन सालात लेक सांगलीला आजारी पडली, पर आक्कानं वस्तीतली लग्नं आडू दिली न्हाईत. ह्याला म्हनत्यात त्याग. हाय का आजच्या पिढीत?"

आणि माझ्याकडं बघितलं.

सगळ्यांनी माना हलवल्या. मी दात आवळून बसलो. ते बावन सालचं मी नंतर लिहीन. आज नाही.

मी म्हटलं, "एवढा आदर आहे तर बरंच झालं. उद्यापासून भांडी कुणाकडं?"

 मग एकेक सुरू झालं.

केरबाची भिंत भूकंपात गेली, जागा नाही. नानासो कारखान्यात पाळीवर, घरी कुणी नसतं. कुणाची सून बाळंतीण. कुणाच्या घरात मांजर! मांजर आणि हंड्याचा काय संबंध? मास्तर म्हणाले की त्यांची बदली कधीही होऊ शकते. अकरा वर्षं झाली नाही.

"तात्याबा, तुमीच घ्या मग," मी म्हटलं. "डिसिप्लिन तुमच्याकडं आहे."

"माझी पाठ धरतीया रं."

बायांतून पारूबाईचा आवाज आला, "पाठ बर्मातच ठिवून आलाईसा व्हय, हवालदार?" सगळे हसले. तात्याबासुद्धा हसला. आणि बैठक उठली. ठरलं काय? काही नाही.

वाटेत पारूबाई म्हणाली, "कुनी घ्यायचं न्हाई, कृष्णा. ती घेतली की बाई घराला खिळली. कुनाच्या घरी मौत हुईल, कुनाचं काय, दार उघडं पायजे. वर पोचा पडला तर बोल खायचा, कल्हई उडाली तर बोल खायचा. येकदा घेतलेली मढ्यासंगंच सुटत्यात."

"आजीनं कशी घेतली मग?"

"तिला कुनी इच्यारलं हुतं व्हय?"

७ एप्रिल, रविवार

पान का सरकत नाही ते मला ठाऊक आहे. लिहूनच टाकतो. हे काही सभेत वाचायचं नाही.

मी सहा वर्षांचा. सांगलीत हळदीच्या पेठेमागं आमची खोली. बाप हमाल. त्याचे हात पिवळे, बंडी पिवळी, भाकरीला हळदीचा वास. वैशाखात आईला ताप भरला. विषमज्वर म्हणाले. तीन दिवस ती दाराकडं तोंड करून पडली होती. "आली का रं आई?" मी उंबऱ्यावर बसून रस्ता बघायचो. हिरव्या लुगड्याची प्रत्येक बाई मला आजी वाटायची. आत जाऊन सांगायचो, आली! मग ती दुसरीच कुणीतरी निघायची. असं मी चार-पाच वेळा सांगितलं. शेवटी आई म्हणाली, "नगं सांगू आता."

आजी चौथ्या दिवशी आली. आई आदल्या संध्याकाळी गेली होती.

आजी रडली नाही. माझा हात धरला आणि म्हणाली, "चल." बाप वर्षाच्या आत दुसऱ्या संसाराला लागला. मी बोरपेठेत वाढलो, ह्याच घरात. आणि गेली सोळा वर्षं ह्याच वस्तीत ऐकतोय — आक्कानं लेक आजारी असताना लग्नं अडू दिली नाहीत. काय त्याग!

कुणाचा त्याग? तिनं कुणाला सोडलं? माझ्या आईला. परातींसाठी!

ह्यावर काय पान लिहू?

घरात टिकलो नाही मी कधी. शाळेत नाही, कारखान्यात नाही. लोक म्हणतात, पायाला भिंगरी. असेल. पण एका घरात, एका खोलीत, हंड्यांशेजारी आयुष्य काढणारी बाई मी बघितलीय, आणि तसलं मला नको होतं.

८ एप्रिल, सोमवार

सकाळी उठून सरळ कऱ्हाडला गेलो. कल्हईवाल्याला सांगावा द्यायचा होता. तो भेटला नाही. मग संगमावर बसलो. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तिथं पाणी थोडा वेळ कुठं जावं असं घोटाळतं. दोन म्हशी, एक पोहणारा पैलवान. हमरस्त्यावर लॉऱ्या मोजत बसलो. मद्रास पासिंगच्या चार दिसल्या!

तीनला परत आलो तर पायरीवर केरबा. सकाळी दहापासून बसलेला. पाहुणे येऊन गेले, भांडी परत द्यायची होती.

"दाराला कुलूप?" एवढंच म्हणाला. रागानं नाही. जणू घरात कुणी गेलं असावं, अशा तोंडानं.

"मग काय उघडं टाकून जाऊ?"

"आक्कांनी कवा लावलं न्हाई."

परातीत मूठभर साखर होती. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं. मी साखर खाल्ली आणि जास्तच चिडलो.

मुलगी पसंत पडली म्हणाला. म्हणजे मे महिन्यात लग्न. म्हणजे भांडी!

९ एप्रिल, मंगळवार

आज थोडं लिहून झालं. पानावर नाही, इथंच.

डिसेंबरात पहाटे धरणी हलली तेव्हा मी शिरवळला एका लॉरीत झोपलो होतो. वाटलं, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. इथं मास्तरांनी सांगितलेलं लिहितो. अर्ध्या गावाच्या भिंती फाटल्या. थंडीत सगळे शाळेच्या पटांगणात. आजीनं उजाडायच्या आत वस्तीतली पोरं उठवली आणि हंडे पटांगणात नेले. तीन दगड, खालती जाळ. ज्याच्या घरात जे होतं ते त्याच्यात. आठ दिवस गाव त्या हंड्यांतलं जेवलं. वरच्या आळीतलेही. त्यांच्यातली एक म्हातारी ताट घेऊन रांगेत उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "येसू, तुझा हंडा लय मोठा गं." आजी म्हणाली, "व्हय. लय दिसाचा हाय."

एवढंच बोलली. मास्तर म्हणतात, मी असतो तर पन्नास वर्षांचं बोललो असतो.

आणि छप्पन साली दीक्षेनंतर घरातले देव मोठ्या परातीत घालून नदीला नेले ते मला स्वतःला आठवतंय. मी दहाचा होतो. टाक, फोटो, खंडोबाचा घोडा. सगळं पाण्यात. काही बाया रडत होत्या. आजीनं तिथंच वाळूनं परात घासली, डोक्यावर पालथी घालून घरी आली आणि संध्याकाळी त्याच परातीत वस्तीच्या जेवणाची कणीक मळली. पारूबाई म्हणाली, "आगं, देव बुडिवल्याली परात!" आजी म्हणाली, "मग? चांगली मोकळी झाली."

लिहिताना हसू आलं. मग हसल्याचाही राग आला.

हंबीररावाला कार्ड टाकलं. चौदाला संध्याकाळी सांगलीत हजर होतो.

१० एप्रिल, बुधवार

तोडगा काढला! बैठक नको, भाषण नको. उजाडलं तसं उठलो. एकेक भांडं उचललं आणि एकेका घराच्या दारात ठेवलं. मोठा हंडा तात्याबाच्या. कढई मास्तरांच्या. परात केरबाच्या. एकोणीस दारं. उरलेले बारीकसारीक झारे, वगराळी तोंडं बघून वाटली. आता ज्याला लग्न काढायचंय त्यानं एकोणीस दारं हिंडावीत. कुणी एक बाई खिळायला नको.

मागची खोली रिकामी. झाडून घेतली. भिंतीवर हंड्यांच्या काळ्या कडा तेवढ्या उरल्या. एकटाच होतो, तरी मोठ्यानं शीळ घातली.

तिला हे पन्नास वर्षांत सुचलं नाही? सोपं तर होतं.

११ एप्रिल, गुरुवार

दार उघडलं. पायरीवर, ओट्यावर, तुळशीच्या रिकाम्या कट्ट्यावर सगळी भांडी. एकूण एक. घासलेली. कुणी कधी आणून ठेवली, चाहूल नाही. आणि प्रत्येकात मूठभर काहीतरी. तांदूळ, गूळ, शेंगा. मोठ्या हंड्याच्या तळाशी दोन कांदे!

मला वेड लावणार ही माणसं. भांडण तरी करा! "आमाला नगं" म्हणून तोंडावर सांगा. ते नाही. परत आणून ठेवायचं, तेही रीतीनं. माझ्या रागावरसुद्धा मूठभर तांदूळ.

केरबाला रस्त्यात गाठलं. खाली बघून म्हणाला, "परात ठिवून घ्यायला काय न्हाई रं. पर आज परात ठिवली की उद्या समदं माझ्याच दारात येतंय. बायकू आत्तापास्नंच रडाय लागली."

१२ एप्रिल, शुक्रवार

आज सगळं उलटंपालटं झालं. नीट लिहितो.

सकाळी भांडी आत ओढत होतो. हंडा दारात अडकला. लाथ घातली. पारूबाई भिंतीपलीकडून ओरडली, "आरं, त्यानं काय केलंया तुझं?"

माझ्या तोंडून निघून गेलं. आजीनं ह्याच्यापायी लेक सोडली, मी आता गाडी सोडू काय?

"सोडली? कुनी सांगितलं तुला सोडली म्हनून?"

"सगळी वस्ती सांगते. तात्याबानं परवा भाषणात सांगितलं."

म्हातारी उठून आली. उंबऱ्यावर बसली. आधी मला बस म्हणाली. बसलो नाही. मग ती बोलली ते असं.

बावन साली सोमवारी सांगलीहून सांगावा आला, लीला, माझी आई, तापानं पडलीय. बुधवारी केरबाचं लग्न. आजी त्याच संध्याकाळी तात्याबाच्या घरी गेली. तो नुकताच पेन्शनीत आलेला, घर पक्कं, दोन सुना. म्हणाली, चार दिस भांडी सांभाळ, मी लेकीकडं जाऊन येते. तो नाही म्हणाला. वस्तीतला मोठा माणूस नाही म्हणाल्यावर बाकीच्यांना सोपं झालं. आजी दुसरीकडं गेली, तिसरीकडं गेली.

"माझ्याकडंबी आली," पारूबाई म्हणाली. "मी बी न्हाईच म्हनले. माझा नवरा ओरडायचा."

बुधवारी लग्नाचं जेवण उठलं. आजीनं तशीच खरकटी, न घासता सगळी भांडी चावडीच्या दारात नेऊन टाकली आणि एसटीला पळाली. इस्लामपुरात पुढची गाडी चुकली. रात्र स्टँडवर काढली. गुरुवारी पोचली.

"तुला घिऊन आठव्या दिशी आली. भांडी तशीच चावडीत. आठ दिसांची. कुनी हात लावला न्हवता. कुत्री तोंड घालत हुती."

आणि मला आठवलं. मला ते कायमच आठवत होतं, फक्त काय बघितलं ते माहीत नव्हतं! आईला जाऊन आठ दिवस, आणि आजी दारात बसून भांडी घासतेय. दोन दिवस. मी चुलीतली राख आणून देत होतो. मला वाटायचं, ही बाई रडायची सोडून परात घासते.

"मग लोक लग्न अडू दिलं नाही म्हणून कौतुक का करतात?"

"मग काय म्हनायचं? आमी घेतली न्हाईत म्हनून सांगायचं व्हय चारचौघांत?"

मी दुपारी तात्याबाच्या दारात गेलो. तो खाटेवर बसून बूट पुसत होता. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. भेकड म्हणालो. बर्मा-बिर्मा काढलं. त्यानं वर बघितलं नाही. एकच बूट पुसत राहिला.

मग घरी आलो आणि पान लिहिलं. एका बैठकीत! थोर नाही, माउली नाही. सोमवार, बुधवार, गुरुवार. कुणाच्या दारात गेली, कोण काय म्हणालं. तात्याबाचं नाव सगळ्यात वर. चौदाला अख्ख्या वस्तीसमोर वाचतो. पान वाचायचं आणि तिथूनच एसटी धरायची. बघू दे तोंडं.

असं नीट मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

१३ एप्रिल, शनिवार

सकाळी तात्याबा आला. हातगाडी घेऊन. खाकी पँट, बूट. म्हणाला, "भांडी दे."

मला वाटलं, चेष्टा करतोय.

"घरात सांगितलंय. मागची खोली मोकळी केलीया. जयंतीचा सैपाक माझ्या दारात हुईल. काढ."

मी मुद्दाम म्हटलं, "आधी हे ऐका." आणि पान वाचलं. सगळं, त्याच्या तोंडावर. तो सावधानमध्ये उभा राहावा तसा उभा. पान संपलं. मग म्हणाला, "येक दुरुस्ती हाय."

म्हटलं, आता पाठ धरल्याचं सांगणार.

"मी तिला नुसतं न्हाई म्हनलो न्हाई. मी म्हनलो, हवालदाराच्या घरात बायांची भांडी ठिवनार न्हाई. ती दारात उभी हुती, मी आत बोलावली न्हाई. तेबी घाल. नाव घालून वाच."

 दोघांनी मिळून हातगाडी भरली. मोठा हंडा त्यानं एकट्यानं उचलला. खरंच पाठ धरली. तोंड वाकडं झालं, पण हंडा गाडीवर चढवला.

गाडी वळवता वळवता त्यानं विचारलं, "दसऱ्याला म्हातारी सांगलीला जानार हुती. का गेली न्हाई रं?"

"कोण म्हणालं?"

"मला स्वता म्हनली. लीलाला जाळली ती जागा पुन्यांदा बघितली न्हाई, येकदा बघायची हाय. कृष्णा आलाय, आठ दिस हाय घरात, आता जाऊन येते. लुगडं धुऊन वाळत घातलं हुतं. चौथ्या दिशी बघतो तर हितंच. मागनं भूकंप झाला आन ऱ्हायलंच."

मी म्हटलं, मला काही बोलली नाही ती.

तो "व्हय काय" म्हणाला आणि गाडी ढकलत गेला.

मला काही बोलली नाही. दसऱ्याला मी दोन दिवस होतो. दीक्षेच्या दिवसाचं जेवण झालं, झोपलो, दुसऱ्या दिवशी निघालो. ती बोलली असती तर मला आठवलं असतं. तात्याबा आपलं माझ्यावर ढकलतोय.

खोली मोकळी. पिशवी भरली. उद्या संध्याकाळची एसटी.

१४ एप्रिल, रविवार

आठवलं. मी वहाणा घालत होतो. ती म्हणाली, "कृष्णा, आठ दिस ऱ्हा की. भांड्यांकडं बघ, मी लीलाच्या जागंवर जाऊन येते." मी म्हटलं, पुढच्या खेपंला. आणि गेलो. कुठं गेलो तेसुद्धा आठवत नाही. कुठंतरी कुस्त्या होत्या.

सभेत पान वाचलं. तात्याबाचं नाव होतं तिथं माझं वाचलं.